रात्रीचं दशावतार हातात कॅमेरा धरून शूट करायचंय, कुठला मिररलेस घेऊ? (गिंबल नको)

पाऊसवाली_आंबोली

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते इथे, आज पहिल्यांदा विचारतेय. काम असं आहे की सिंधुदुर्गात कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, आणि जत्रेच्या रात्री दशावतार असतंच. मला एका दशावतारी नाटक कंपनीसोबत सीझनभर फिरून व्हिडिओ करायचाय. नुसतं स्टेजवरचं रेकॉर्डिंग नको, रंगपटात तोंडाला रंग लावतात तिथपासून, पेटारे उघडतात, पायपेटीवाला सूर धरतो, मग आडदशावतार (गणपती, शंकासुर वगैरे येतात तो सुरुवातीचा भाग), आख्यान म्हणजे मुख्य कथा, आणि पहाटेपर्यंतचं सगळं. एकटीच आहे, असिस्टंट वगैरे नाही.

सध्या माझ्याकडे सोनी झेडव्ही-ई१० आहे, किट लेन्ससकट. दिवसा मस्त चालतो. पण रात्री हातात धरून घेतलेलं फुटेज घरी मोठ्या स्क्रीनवर बघितलं की नको वाटतं, कॅमेरा ॲक्टिव्ह मोडला ठेवला तरी एक बारीक थरथर राहतेच, आणि ती साध्या हलण्यासारखी नाही, चित्र मधेच क्षणभर पुसल्यासारखं होतं आणि परत शार्प होतं. शिवाय ॲक्टिव्ह लावला की फ्रेम एवढी कापली जाते की रंगपटाच्या छोट्या खोलीत काही मावतच नाही.

बजेट सगळं मिळून दीड लाख, सेकंडहँड चालेल. ट्रायपॉड लावायला जागा नसते, सभामंडपात माणसं चटईवर अगदी बाकड्यापर्यंत बसलेली असतात. गिंबल (कॅमेरा मोटरने स्थिर धरणारी दांडी) एकदा नेला होता, पण लोकांचं लक्ष नाटकाऐवजी माझ्याकडेच, त्यामुळे तो नकोच. आयबीआयएसवाली (आतला सेन्सरच हलवून थरथर कमी करणारी) बॉडी घेतली की प्रश्न सुटतो का? की फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर जाऊ?

---

तिसरा_कोपरा

ताई, आधी ते पुसल्यासारखं होतं म्हणालात ना त्याचं सांगतो, कारण तुमचं उत्तर तिथेच आहे आणि दुकानदार ते सांगत नाही. ॲक्टिव्ह मोड म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टेबिलायझेशन, कॅमेरा फ्रेमच्या कडा राखून ठेवतो आणि आतला चौकोन उलट दिशेला सरकवत राहतो. दोन फ्रेममधली जागा तो जुळवतो, पण एका फ्रेमच्या आत शटर उघडं असताना हात हलला तर तो ब्लर फ्रेममध्ये भाजला गेलेला असतो, तो काढता येत नाही. उन्हात शटर १/५०० वगैरे असतं म्हणून कळत नाही. रात्री १/५० वर शूट करताय म्हणजे प्रत्येक फ्रेमला तेवढा वेळ हात थरथरतोय, मग चौकोन स्थिर दिसतो पण आतलं चित्र एक फ्रेम शार्प, एक फ्रेम मऊ असं होतं. तुम्हाला दिसतंय ते हेच. त्यामुळे रात्रीच्या कामाला इलेक्ट्रॉनिक हा प्रकार जवळपास विसरा, मग तो कुठल्याही कंपनीचा आणि कुठल्याही नावाचा असो.

प्रकाश सेन्सरवर पडतानाच जे हलणं थांबवतं तेच रात्री कामाचं, म्हणजे एक तर लेन्सच्या आतलं (सोनी ओएसएस म्हणतं, टॅमरॉन व्हीसी, कॅनन आयएस, पॅनासॉनिक ओआयएस, भानगड एकच) नाहीतर सेन्सरच हलवणारं आयबीआयएस. लेन्समधलं वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे झुकणं सांभाळतं. हात मनगटातून गोल फिरतो, म्हणजे क्षितिज डुलतं, ते लेन्सला जमत नाही कारण गोल काच फिरवून काय उपयोग, ते सेन्सर फिरवूनच जातं. आयबीआयएसचा खरा फायदा तो.

आता बॉक्सवर पाच स्टॉप, साडेसात स्टॉप, आठ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) लिहिलेलं असतं ते स्थिर फोटोच्या चाचणीवरचं असतं, माणूस एका जागी उभा राहून फोटो काढतोय असं धरून. त्याचा चालत शूट करण्याशी काही संबंध नाही. चालताना अख्खा कॅमेराच चार बोटं वर आणि चार बोटं खाली जातो, ते कुठल्याही सेन्सरला आवरत नाही. म्हणून आयबीआयएस घेतला की गिंबलसारखं दिसेल ही आशा ठेवू नका, आयबीआयएस म्हणजे एका जागी धरलेला शॉट चांगला, चालतानाचा शॉट नाही.

माझं मत विचाराल तर आत्ता बॉडी घेऊच नका. टॅमरॉन १७-७० एफ २.८ ही झूम लेन्स घ्या (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), त्यात व्हीसी आहे आणि पूर्ण रेंजभर २.८ मिळतं. किटवाला १६-५० झूम केला की ५.६ ला जातो, तिथेच तुमचा दोन स्टॉप उजेड जातोय आणि कॅमेरा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढवतोय. लेन्सचं ओएसएस चालू, कॅमेऱ्याचं मेनूमधलं ॲक्टिव्हवरून स्टँडर्डवर, क्रॉप गायब. लेन्स ५२५ ग्रॅम आणि तुमची बॉडी ३४३ ग्रॅम, म्हणजे वजन पुढे येतं, पण ते वाईट नाही, डावा हात लेन्सखाली गेला की आपोआप पकड बरी होते.

---

कुडाळचो_झिल

ताई आंबोलीच्या म्हणजे आमच्याच. माझे काका कंपनीत होते, मी लहानपणापासून रात्र रात्र बघितलेलं आहे आणि आता शूट पण करतो, म्हणून कॅमेऱ्याचं वरच्यांनी सांगितलंय ते बरोबर, मी बाकीचं सांगतो.

पयली गोष्ट, खाली बस. उभी राहिलीस की मागून आवाज येतलोच, "गो बाय, खाली बस". बाकड्याच्या समोर नको, बाजूला, वाजपी बसतात त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात मांडी घालून बस, डावा गुडघा वर घे आणि डावं कोपर गुडघ्याच्या वाटीवर नको, वाटीच्या जरा मागे मांडीवर टेकव. वाटीवर हाडाला हाड लागतं, घसरतं आणि नाडीचा ठोका पण फ्रेममध्ये येतो, मांसावर टेकवलं की दाबून बसतं. झेडव्हीला व्ह्यूफाइंडर नाही, म्हणजे डोळ्याला टेकवून तिसरा आधार मिळत नाही, तर पट्टा गळ्यात घाल, आखूड कर आणि कॅमेरा पुढे ढकल, पट्टा ताणला गेला पाहिजे. दोन हात आणि ताणलेला पट्टा. एवढ्यावर मी पन्नास एमएमला आख्यानातलं अख्खं स्वगत घेतो, काय हलत नाय.

दुसरं, मोनोपॉड. ट्रायपॉडला जागा नाय, पण मोनोपॉडला एका पायाची जागा लागते. बसून वापरायचा तर पूर्ण उघडायचा नाय, आखूड ठेवून मांड्यांच्या मधे. उभं राहून रंगपटात वापरायचा तर कमरेच्या पट्ट्यात टोक खोचायचं. तो वर-खाली हलणं सगळं खाऊन टाकतो, जे वरच्या दादांनी सांगितलं आयबीआयएसला जमत नाय ते. लोकांचं लक्ष जात नाय, काठी घेऊन बसलेला माणूस जत्रेत नवीन नाय.

तिसरं लाइट. आधी गॅसबत्त्या होत्या, मग हॅलोजन आले, आता देवस्थानांनी एलईडी फ्लड लावलेत आणि त्याच्यामुळे आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणून कॅमेऱ्यात मेनूमधे जाऊन एनटीएससीवरून पालवर ये, २५ फ्रेम, शटर १/५०. पट्टे राहिलेच तर १/१००. २४ फ्रेमचा सिनेमॅटिक लूक जत्रेत कोण बघत नाय. स्वस्तातल्या एलईडीत तरीही कधी कधी पट्टा राहतो, तेव्हा जागा बदल, तो लाइट पाठीमागे घे, दुसरा इलाज नाय.

---

हळदीचा_कॅमेरा

मी कोल्हापूर-सांगलीकडे लग्नं शूट करतो, रोजचं काम हातातलंच. वरचं सगळं मान्य पण गिंबलला एवढं नाकारू नका ताई. आता लहान गिंबल आलेत, आरएस ३ मिनी आठशे ग्रॅमच्या आत आहे, झेडव्ही-ई१० आणि छोटी लेन्स लावून एका हातात येतो. रंगपटातून कलाकार निघतो आणि मागच्या अंधारातून चालत मंडपात येतो, हा शॉट तुम्ही मांडीवर कोपर टेकवून कसा घेणार? आयबीआयएसने पण नाही येणार, वर तिसरा_कोपरा यांनी सांगितलंच आहे. एवढ्या एका शॉटसाठी तरी पिशवीत असू दे.

दुसरं म्हणजे, फ्री सॉफ्टवेअर आहे जायरोफ्लो नावाचं. झेडव्ही-ई१० व्हिडिओसोबत जायरोचा डेटा फाइलमध्येच लिहितो, कॅमेरा किती कसा फिरला ते. ते सॉफ्टवेअर हा डेटा वाचून नंतर स्थिर करतं, कॅमेऱ्यातल्या ॲक्टिव्हपेक्षा रिझल्ट लय भारी, आणि किती कापायचं ते तुमच्या हातात. माझे वरातीचे अर्धे शॉट त्याच्यातून जातात.

---

तिसरा_कोपरा

जायरोफ्लो चांगलंच आहे, मीही वापरतो, पण वरात म्हणजे हॅलोजन, एलईडीच्या छत्र्या, डीजेच्या गाडीचा लखलखाट, तिथे शटर वाढवायला जागा असते. इथे १/५० वर अडकलेलो आहोत, तर तोच भाजलेला ब्लर जायरोफ्लोमधून पण तसाच राहणार. आणि जायरोफ्लोसाठी लेन्सचं ओएसएस बंद ठेवून शूट केलेलं बरं पडतं, कारण लेन्सने आतल्या आत काय सरकवलं ते जायरोला कळत नाही आणि दोघं मिळून चित्र डोलवतात. म्हणजे ज्या रात्री ओएसएसची खरी गरज तीच रात्र ते बंद ठेवायचं, हा उलटा धंदा. सकाळचं दहीकाल्याचं शूट मात्र खुशाल जायरोफ्लोवर टाका, तेव्हा उजाडलेलं असतं.

शिवाय झेडव्ही-ई१० चा सेन्सर ४के मध्ये वाचायला सावकाश आहे, हात झटकन हलला की खांब तिरके होतात आणि बारीक थरथरीत चित्र थलथल हलतं. ते एकदा रेकॉर्ड झालं की स्थिर केल्यावर उलट जास्त डोळ्यात येतं, सभामंडपात लाकडी खांबच खांब असतात, लगेच कळतं. युद्धाचे प्रसंग सुरू झाले की ४के सोडून १०८० वर गेलात तरी चालेल, थोडं बरं पडतं.

गिंबलच्या चालत्या शॉटबद्दल बरोबर आहे तुमचं, पण मी तो शॉट स्थिर उभं राहून घेईन. दारात उभं राहायचं, कलाकार आपल्या दिशेने येऊ द्यायचा, जवळून गेला की पॅन, म्हणजे जागेवरूनच कॅमेरा वळवायचा. त्याला चालू दे, आपण का चालायचं.

---

पाऊसवाली_आंबोली

बापरे, एवढं सगळं! मांडीचं आज घरीच करून बघितलं, वाटीवर आणि मांडीवर खरंच फरक आहे, नाडीचा ठोका वाचून हसले होते पण स्क्रीनवर दिसतो तो.

लेन्सचं पटलं. पण मला मधेच एक प्रश्न पडतोय, लेन्स घेऊन उरलेल्या पैशात बॉडी पण बदलता येत असेल तर? ओळखीच्या एकाकडे सोनी ए६७०० आहे तो विकतोय, आणि दुसऱ्या एकाकडे पॅनासॉनिक एस५ टू. दोन्ही बजेटच्या जवळपास येताहेत, लेन्स धरून थोडं वर. दोघांनाही आयबीआयएस आहे. एस५ टू फुल फ्रेम आहे म्हणजे अंधारात भारी असणार ना? आणि अजून एक, माझं फोकस गणपतीवर बसतच नाही, समोर पुरुष बसलेले असतात त्यांचे चेहरे पकडतं.

---

वेंगुर्ल्याचा_डोळा

फोकसचं आधी. आडदशावतारातल्या गणपतीला मुखवटा, सोंड, कॅमेऱ्याला तो चेहरा वाटतच नाही, आणि काळ्या बुरख्यातला शंकासुर तर त्याच्यासाठी माणूसच नाही. डोळा पकडणारा फोकस बंद करायचा, झोन फोकस मधे ठेवायचा किंवा टच करून ट्रॅकिंग द्यायचं. आख्यान सुरू झालं, राजे-ऋषी आले की परत चालू. रंग कितीही जाड असला तरी डोळे उघडे असले की पकडतं.

आता दोन्ही बॉडी मी वापरलेल्या आहेत, एक स्वतःची, एक मित्राची. कुठली कुणाची ते सांगत नाही, नाहीतर लगेच पार्टीबाजी सुरू होते इथे.

एस५ टू जानेवारी २०२३ मध्ये आला आणि ल्युमिक्समध्ये (पॅनासॉनिकचे कॅमेरे) फेज डिटेक्शन, म्हणजे न चाचपडता पकडणारा फोकस असलेला तो पहिला कॅमेरा. त्याच्या आधीचे ल्युमिक्स व्हिडिओला सगळ्या बाबतीत उत्तम आणि फोकस मात्र मागेपुढे श्वास घेत राहायचा, त्यामुळे सेकंडहँडमध्ये जुना एस५ स्वस्त मिळतोय म्हणून कुणी गळ्यात मारला तर घेऊ नका, टू लिहिलेलं बघून घ्या. आत पंखा आहे, रात्रभर चालवा, गरम होऊन बंद पडत नाही, रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा नाही. व्ही-लॉगमध्ये (नंतर रंग चढवायचं फिकट प्रोफाइल) दुसरा नेटिव्ह आयएसओ ४००० आहे, म्हणजे ३२०० वर जेवढा नॉइज दिसतो त्यापेक्षा ४००० वर कमी, हे ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे, हॅलोजनच्या उजेडात तुमचा आकडा बरोबर तिथेच येऊन पडतो. आणि हातात धरायला ल्युमिक्सचं आयबीआयएस माझ्या मते सोनीपेक्षा एक पायरी वर आहे. त्यात बूस्ट आय.एस. म्हणून एक सेटिंग आहे, ते लावलं की कॅमेरा असं समजतो की तुम्हाला अजिबात हलायचंच नाहीये, आणि फ्रेम खिळा मारल्यासारखी थांबते. समोरच्याला ट्रायपॉडच वाटतो.

ए६७०० पण २०२३ चाच. एपीएससी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), २६ मेगापिक्सल, आयबीआयएस आहे, दहा बिट आहे (फाइलमध्ये रंगांच्या जास्त छटा), फोकस तर सोनीचाच, त्याबद्दल कुणी भांडत नाही. ४९३ ग्रॅम. व्ह्यूफाइंडर आहे, म्हणजे झिलने सांगितलेला डोळ्याचा आधार मिळाला. बॅटरी मोठी, झेडव्हीसारखी तासाला बदलायची नाही. पंखा मात्र नाही, मेनूत ऑटो पॉवर ऑफ टेंप हाय करायला विसरू नका, डिसेंबरच्या रात्री अडचण येत नाही पण एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद मांडवात लांबलचक ४के घेणार असाल तर जपून.

फुल फ्रेम म्हणजे अंधारात भारी हे अर्धंच खरं. सेन्सर मोठा म्हणून साधारण एक स्टॉपचा फायदा मिळतो, पण एस५ टू सोबत जी २०-६० किट लेन्स येते ती एफ ३.५ ते ५.६, आणि तिच्यात ओआयएस नाही. एपीएससीला २.८ ची लेन्स आणि फुल फ्रेमला ५.६ ची, तर फुल फ्रेम मागे राहणार. मग फुल फ्रेमला सिग्मा २८-७० एफ २.८ घ्यायला लागते, बजेट तिथे फुटतं. म्हणून हिशेब बॉडीचा नाही, बॉडी अधिक लेन्सचा करा.

बाकी नावं घाईने उरकतो कारण कुणीतरी विचारणारच. कॅनन आर५०, आर१०, आर८, तिघांनाही आयबीआयएस नाही, आर८ फुल फ्रेम असूनही नाही. आर७ ला आहे. निकॉन झेड३० ला नाही. झेड६ थ्री फार छान पण बजेटच्या बाहेर. फुजी एक्स-एस२० ला आहे, रंग सुंदर, फोकस सोनीएवढा विश्वासाचा नाही. सोनी झेडव्ही-ई१० टू घेऊन अपग्रेड केलं असं वाटेल पण त्यालाही आयबीआयएस नाही, तिथे चकू नका.

---

तिसरा_कोपरा

बूस्टबद्दल एक पुरवणी, नाहीतर ताई लावून ठेवतील आणि विसरतील. बूस्ट लावून पॅन करायला गेलात की कॅमेरा आधी जागेवरच चिकटून राहतो, सेन्सर सरकत सरकत कडेला पोचला की मग एकदम झटका देऊन सुटतो. राजा बाकड्यावरून उठून गोल फिरायला लागला की गेला शॉट. एखाद्या बटणावर लावून ठेवा, स्वगत सुरू झालं की चालू, उठला की बंद.

आणि दोन्ही आयबीआयएस कॅमेऱ्यांना वाइड लेन्स लावली की कोपरे डुलतात. मध्यभाग स्थिर आणि कडा पातळ पदार्थासारख्या हलताहेत असं दिसतं. सेन्सर मोठा आणि लेन्स वाइड तेवढं जास्त, वाइडमध्ये कडेचं चित्र ताणलेलं असतं आणि सेन्सर आपल्या सपाटीतच सरकतो-फिरतो, ताण कसा जुळवणार. रंगपटात १६-१८ एमएम फुल फ्रेमवर घेऊन चालायला लागलात तर नक्की दिसणार. तिथे उभं राहूनच घ्या.

दोन्हीपैकी एक म्हणाल तर ए६७०० आणि टॅमरॉन १७-७०. कारण आधी घ्या म्हणतोय ती लेन्स झेडव्ही आणि ए६७०० दोन्हींना लागते. आज झेडव्हीवर वापरा, एक-दोन जत्रा करा, मग बॉडी हवी वाटली तर घ्या, लेन्स तीच. एस५ टू घेतलात तर माउंटच बदलतो, झेडव्ही कपाटात, सगळं नव्याने.

---

वेंगुर्ल्याचा_डोळा

हे मात्र मला मान्य नाही. एक-दोन जत्रा थांबा म्हणणं सोपं आहे, पण सीझनमध्ये एखादी कंपनी, एखादा म्हातारा कलाकार, हे पुन्हा मिळेलच असं नसतं. ज्या रात्री तो माणूस उभा आहे त्या रात्री हातात जे चांगलं ते पाहिजे. आणि आठ बिटच्या फाइलमध्ये किरीटावरची जर आणि मागचा काळोख दोन्ही वाचवणं अवघड जातं, दहा बिटला श्वास घ्यायला जागा मिळते. झेडव्हीवर एस-लॉग (सोनीचं तसंच फिकट प्रोफाइल) तर लावूच नका रात्री, नॉइज येतो आणि आठ बिटमध्ये ताणला की चेहऱ्यावरचा रंग चकत्या चकत्या दिसतो. साधं प्रोफाइल, मॅन्युअल एक्स्पोजर, झेब्रा (जास्त उजेडाच्या जागी स्क्रीनवर दिसणारे पट्टे) लावून किरीट जळत नाही एवढं बघा, चेहरा थोडा काळोखात गेला तरी जाऊ दे, तो उजेड तसाच असतो.

---

हळदीचा_कॅमेरा

ऑटो एक्स्पोजर ठेवलं तर पांढऱ्या कपड्यातला ब्राह्मण आला की अख्खी फ्रेम काळी आणि शंकासुर आला की अख्खी पांढरी, एवढं मी न बघता सांगतो 😄 लग्नात नवरी-नवरा असतात तसंच.

एक सांगायचं राहिलं, मला गिंबलवाला म्हणून हाकलू नका, मी हातात पण धरतो. कॅमेऱ्याला केज (भोवतीची धातूची चौकट) लावा, वरती हँडल लावा. हलक्या कॅमेऱ्याला बारीक थरथर जास्त, वजन वाढलं की थरथर कमी होते, जड वस्तू पटकन हलतच नाही. पण दोन किलोच्या पुढे नेऊ नका, मग तास-दीड तासाने खांदाच थरथरायला लागतो आणि तुम्हाला तर पहाटेपर्यंत बसायचंय.

---

कुडाळचो_झिल

केज लावलीस तर एक कर ताई, पट्ट्याच्या कडीला, ती तिकोनी लोखंडी असते ना, तिला कापडी टेप गुंडाळ. हातात धरून शूट करताना ती बॉडीवर टिकटिक वाजते, आणि कॅमेऱ्याच्या माइकमध्ये ती झांजेपेक्षा मोठी येते. मी एकाचं अख्खं आख्यान एडिट केलंय, विष्णूच्या प्रत्येक वाक्यामागे टिक टिक. आयबीआयएस कॅमेऱ्याचा पण आतला बारीक गुणगुण आवाज येतो शांत प्रसंगात. म्हणून कॅमेऱ्याचा आवाज फक्त जुळवायला ठेव, खरा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, साउंडवाल्याकडून वायर घे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट जाग्यावर बोलतो, एकदा गेला तो शब्द गेला, परत बोल म्हणून सांगता येत नाय.

पॉवरबँक वापरणार असशील तर वायर लोंबकळत ठेवू नको, कॅमेरा हलवते. मनगटाला एक वेढा देऊन मगे खिशात.

---

फोनच_बरा

एवढं सगळं करण्यापेक्षा चांगला फोन घ्या, स्टेबिलायझेशन भारी असतं.

---

तिसरा_कोपरा

दुपारी, हो. रात्री फोनचं सेन्सर-शिफ्ट चांगलं काम करतं हे खरं, पण वर इलेक्ट्रॉनिक असतंच आणि दिव्यासमोर हिरवे ठिपके फिरत राहतात फ्रेमभर, मंडपात आठ-दहा दिवे असले की आठ-दहा ठिपके. रंगपटात एखादा शॉट घ्यायला मात्र वाईट नाही, तिथे फोन बघून कुणी अवघडत नाही.

---

पाऊसवाली_आंबोली

तर मी असं ठरवतेय. टॅमरॉन १७-७० नवीन घेते, वॉरंटी हवी म्हणून. मोनोपॉड साधाच. ए६७०० बघायला शनिवारी जातेय, किंमत बसली तर घेते, नाही बसली तर झेडव्हीवरच सुरू करते. एस५ टू चं मन होत होतं पण लेन्ससकट बसत नाहीये, बूस्टचं वाचून जीव जळला थोडा, असो. पाल, २५, १/५०, ॲक्टिव्ह बंद, डोळ्याचा फोकस गणपतीला बंद, सगळं मागच्या वहीत लिहिलं.

सेकंडहँड बॉडी बघताना आयबीआयएस नीट आहे की नाही हे कसं कळतं? त्याच्याबद्दल कुठे काही सापडलं नाही.

---

वेंगुर्ल्याचा_डोळा

लेन्स काढा, कॅमेरा चालू करून आयबीआयएस ऑन ठेवा आणि कानाला लावा, अगदी बारीक गुंजन येतं, खरखर किंवा टकटक येता कामा नये. बंद केल्यावर काही कॅमेऱ्यांत सेन्सर सैल असतो आणि हलवल्यावर खुळखुळतो, ते नॉर्मल आहे, घाबरू नका. मग लेन्स लावून ७० एमएमला दहा-पंधरा सेकंद दूरच्या पाटीवर धरा, एकदा ऑन, एकदा ऑफ, फरक स्पष्ट दिसला पाहिजे. टॅमरॉन लावला असेल तर लेन्सवर व्हीसीचं बटण नसतं, बंद-चालू कॅमेऱ्याच्या मेनूतूनच होतं, आणि दोन्ही एकदमच होतात, म्हणून शक्य असेल तर स्टेबिलायझेशन नसलेली एखादी लेन्स सोबत न्या, सिग्माचा ३० एमएम कुणाकडेही असतो, म्हणजे नुसतं सेन्सरचं काम कळेल. शेवटी पांढऱ्या भिंतीचा एक फोटो एफ १६ ला काढून सेन्सरवर डाग बघा. आणि क्षितिज सरळ धरून फोटो काढा, सेन्सर एका बाजूला कलून बसलेला असेल तर फोटोत क्षितिज तिरकं येतं, पडलेल्या कॅमेऱ्यात हे होतं आणि विकणारा सांगत नाही.

---

कुडाळचो_झिल

आणि कंपनीच्या मालकांका आधी भेट. रंगपटात बाईमाणसाने येऊन कॅमेरा लावणं काय जणांना चालतलं, काय जणांना नाय. स्त्रीपार्टी नट साडी नेसत असताना आधी विचार, मगे कॅमेरा वर कर. पयल्या रात्री कॅमेरा पिशवीतच ठेव, चाय पी, वाजप्यांच्या बाजूक बस आणि उजेड खंय पडता ता बघून ठेव. कार्तिकी झाली की आमच्या गावच्या जत्रेत ये, जागा धरून ठेवतंय.